फिश ऑइलची बाटली तपासताना: पारा बाजूला ठेवा, पीसीबी विचारा

‘यावर मर्क्युरी-फ्री लिहिलंय, घेऊ ना?’ असा मेसेज आणि सोबत बाटलीचा हललेला फोटो. आठवड्यातून एकदा तरी येतोच. सतरा वर्षं अन्नतपासणीच्या प्रयोगशाळेत काढल्यामुळे नात्यातल्या आणि सोसायटीतल्या सगळ्यांना वाटतं, की फोटो बघून मी तेल चांगलं की वाईट ते सांगेन. ते कोणालाच सांगता येत नाही. पण बाटली हातात घेऊन काय बघायचं, कंपनीला नेमकं काय विचारायचं आणि उत्तरादाखल आलेला कागद कसा वाचायचा, हे मात्र शिकता येतं.

पहिली चूक त्या मेसेजमध्येच आहे. पारा माशाच्या मांसातल्या प्रथिनांना चिकटून बसतो. तेल काढताना प्रथिनं चोथ्यात जातात आणि पाराही त्यांच्याबरोबर जातो. शुद्ध केलेल्या तेलात तो मुळातच नगण्य असतो. म्हणजे ‘मर्क्युरी-फ्री’ हे खोबरेलाच्या बाटलीवर ‘यात मीठ नाही’ असं छापण्यासारखं आहे. खोटं नाही, पण त्यात कंपनीची कर्तबगारी शून्य.

तेलात उतरतात ती चरबीत विरघळणारी रसायनं. जुन्या ट्रान्सफॉर्मर आणि कपॅसिटरमध्ये वापरलेले पीसीबी, कचरा जळताना आणि काही कारखान्यांत तयार होणारे डायऑक्सिन आणि फ्युरान, डीडीटीसारखी कीटकनाशकं. ही समुद्रात लवकर मोडत नाहीत, छोट्या माशाकडून मोठ्या माशाकडे जाताना साठत जातात आणि आपल्या शरीरातल्या चरबीतही वर्षानुवर्षं मुक्काम करतात. सुरमई-मोरी खाताना पाऱ्याचा विचार करणं बरोबर आहे. बाटली घेताना विचार पीसीबी आणि डायऑक्सिनचा करायचा.

## आधी हे जमवा

काम अर्ध्या तासाचं आहे, पण साहित्य आधी जवळ हवं.

- मूळ बाटली आणि असेल तर तिचा पुठ्ठ्याचा खोका
- बॅच क्रमांक, उत्पादन महिना आणि मुदतीची तारीख दिसेल असा फोटो
- जो घेणार त्याचं वजन किलोमध्ये
- तेल चमच्याने घेत असाल तर तोच चमचा आणि औषधाच्या बाटलीबरोबर मिळतं ते मापाचं झाकण
- मोबाइलमधला कॅल्क्युलेटर

सावधान: कॅप्सूल स्टीलच्या किंवा काचेच्या डबीत ओतून मूळ बाटली रद्दीत दिली असेल, तर पुढचं काहीही करता येणार नाही. बॅच क्रमांक गेला की मालाची ओळखच जाते. अमेरिकेहून येणारे भाचे-पुतणे चारशे कॅप्सूलची भली मोठी बाटली आणतात आणि मग ती तीन घरांत वाटली जाते. वाटण्याआधी लेबलचा फोटो काढून तिन्ही घरांना पाठवा.

## टप्पा १: बाटलीची ओळख पटवा

लेबलवर बहुधा दोन पत्ते असतात, एक ‘मार्केटेड बाय’ आणि दुसरा ‘मॅन्युफॅक्चर्ड बाय’. आपल्याकडचे बरेच ब्रँड स्वतः कॅप्सूल भरत नाहीत, दुसऱ्याच्या कारखान्यात भरून घेतात. तो कारखानाही तेल बनवत नाही, पिंपांतून विकत घेतो. म्हणजे तुमच्या कॅप्सूलमागे निदान तीन जण आहेत: तेल शुद्ध करणारा, कॅप्सूल भरणारा आणि नाव लावणारा. प्रदूषकांची खरी तपासणी बहुतेक वेळा पहिल्याकडे होते. तुम्ही फोन करता तिसऱ्याला. ही साखळी लक्षात ठेवा, टप्पा ४ मध्ये लागेल.

१४ आकडी एफएसएसएआय परवाना क्रमांक बघा आणि एफएसएसएआयच्याच फॉसकॉस या परवान्यांच्या संकेतस्थळावर टाकून तो चालू आहे का ते पाहा. दोन मिनिटांचं काम.

सावधान: परवाना क्रमांक म्हणजे ‘हे तेल तपासलं’ असा दाखला नव्हे. धंदा नोंदलेला आहे, एवढंच त्यातून कळतं. अमेरिकेतल्या बाटलीलाही हेच लागू. तिथे पूरक आहाराला बाजारात येण्याआधी सरकारी मंजुरी लागत नाही.

## टप्पा २: कुठला मासा, कुठला अवयव, कसं शुद्ध केलं

आता बाटली उलटी करा. पुढच्या बाजूवर जाहिरात असते, मजकूर मागे असतो.

मासा. अँकोव्ही किंवा सार्डिन म्हणजे आपल्या तारलीच्या कुळातला छोटा, थोडं जगणारा, अन्नसाखळीत खाली असलेला मासा असेल तर सुरुवात चांगली. जगातलं बरंचसं फिश ऑइल पेरूच्या किनाऱ्यावरच्या अँकोव्हीपासून येतं. नुसतं ‘फिश ऑइल’ लिहिलं असेल तर मासा कोणता हे विचारावं लागेल. शार्कच्या यकृताचं तेल असेल तर बाटली परत ठेवा. मोठा, दीर्घायुषी शिकारी मासा आणि त्याचं यकृत, दोन्ही बाजूंनी साठा वाढवणारं प्रकरण आहे ते.

अवयव. फिश ऑइल आणि कॉड लिव्हर ऑइल एक नव्हे. पहिलं अख्ख्या माशापासून निघतं, दुसरं यकृतापासून. कॉडसारख्या माशाची चरबी यकृतातच साठते आणि चरबीत विरघळणारी रसायनंही तिथेच जमतात. म्हणून कॉड लिव्हर ऑइल शुद्धीकरणावर जास्त अवलंबून असतं. शिवाय त्यात अ जीवनसत्त्व असतं. गरोदर बाईने ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये, ही बाब प्रदूषणापासून वेगळी पण तितकीच महत्त्वाची.

शुद्धीकरण. इथे आपल्या लोकांची हमखास गल्लत होते. लाकडी घाण्याच्या तेलाची सवय लागल्यापासून ‘रिफाइंड’ म्हटलं की नाक मुरडतं. शेंगदाण्याच्या तेलाचा तो न्याय इथे लावू नका. ‘रॉ’, ‘व्हर्जिन’, ‘अनरिफाइंड’ फिश ऑइल म्हणजे समुद्राने जे दिलं ते सगळं, नको असलेल्यासकट. प्रदूषक काढतात ते शुद्धीकरणातच. कमी दाबाखाली ऊर्ध्वपातन केलं की पीसीबी आणि कीटकनाशकं बरीच निघून जातात. सक्रिय कोळशातून गाळलं की डायऑक्सिन आणि फ्युरान अडकतात, कारण त्यांचे रेणू सपाट असतात आणि कोळशाला नीट चिकटतात. सगळे पीसीबी तसे सपाट नसतात, त्यांतले बरेच कोळशाला चकवून निघून जातात. म्हणून डायऑक्सिन अगदी कमी आणि पीसीबी भरपूर, असंही तेल असू शकतं. दोन्ही आकडे मागायचे ते यासाठी.

तपासा: मासा, अवयव, शुद्धीकरण. तिन्ही लिहून घेतलं? जे लेबलवर नाही त्यापुढे प्रश्नचिन्ह टाका. ते प्रश्नही कंपनीलाच विचारायचे आहेत.

## टप्पा ३: पोटात किती ग्रॅम तेल जातं ते काढा

ओमेगा-३ किती हे सगळे बघतात. प्रदूषक मात्र एकूण तेलाबरोबर येतात, त्यामुळे तेलाचे ग्रॅम काढावे लागतात.

समजा डॉक्टरांनी ईपीए आणि डीएचए (फिश ऑइलमधली दोन मुख्य ओमेगा-३) मिळून रोज १ ग्रॅम सांगितलं. साध्या १००० मि.ग्रॅ.च्या कॅप्सूलमध्ये १८० ईपीए आणि १२० डीएचए, म्हणजे ३०० मि.ग्रॅ. असतात. १ ग्रॅम भरायला तीनहून जास्त कॅप्सूल लागतील, म्हणजे रोज सव्वातीन-साडेतीन ग्रॅम तेल. तेच ६० टक्के ओमेगा-३ असलेल्या सांद्र (कॉन्सन्ट्रेट) तेलातून घेतलं तर दोन कॅप्सूल पुरतात. तेल जवळपास निम्मं. शिवाय सांद्र तेल बनवताना बहुतेक वेळा ऊर्ध्वपातन होतंच, म्हणजे शुद्धीकरणाची एक पायरी आपोआप झालेली असते. महाग कॅप्सूलची बाजू मी सहसा घेत नाही, पण इथे हिशेब तिच्या बाजूने आहे.

चमच्याने घेणाऱ्यांनी ५ मि.ली. म्हणजे अंदाजे ४.६ ग्रॅम धरा. आणि चमचा खरंच ५ मि.ली.चा आहे का ते पाणी भरून मापाच्या झाकणात ओतून बघा. आमच्या घरातले पोह्यांचे चमचे दहाच्या वर निघाले.

सावधान: ‘१००० एमजी’ हा समोरचा मोठा आकडा तेलाचा आहे, ओमेगा-३चा नव्हे. ही चूक अजून होते, शिकल्यासवरल्या लोकांकडून होते.

## टप्पा ४: कागद मागवा, आणि नेमक्या शब्दांत मागवा

‘तुमचं प्रॉडक्ट सेफ आहे का?’ असं विचारलंत तर ‘होय मॅडम, हंड्रेड पर्सेंट’ असं उत्तर येईल. कस्टमर केअरच्या मुलाची त्यात चूक नाही, प्रश्नच तसा आहे. फोन करू नका, ईमेल करा. मजकूर साधारण असा ठेवा:

> नमस्कार. मी तुमचं ____ हे उत्पादन घेते. बॅच क्रमांक ____, उत्पादन महिना ____. या बॅचमध्ये वापरलेल्या तेलाचा लॉट क्रमांक आणि त्या लॉटचे पुढील आकडे हवे आहेत: (१) डायऑक्सिन, फ्युरान आणि डायऑक्सिनसदृश पीसीबी यांची एकत्रित बेरीज, (२) सहा निर्देशक पीसीबींची बेरीज, (३) पारा, शिसं, कॅडमियम. प्रत्येक आकड्यासोबत एकक, तपासणीची पद्धत, एलओक्यू, तपासणीची तारीख आणि प्रयोगशाळेचं नाव कळवावं. डायऑक्सिनची तपासणी प्रत्येक लॉटची होत नसल्यास शेवटची केव्हा आणि कोणत्या लॉटची झाली ते सांगावं.

डायऑक्सिनसदृश पीसीबी म्हणजे डायऑक्सिनसारखाच अपाय करणारे पीसीबी, आणि निर्देशक पीसीबी म्हणजे एकूण पीसीबींचा अंदाज यावा म्हणून मोजायचे ठरलेले सहा. एलओक्यू काय ते टप्पा ५ मध्ये येईल. इंग्रजीत पाठवायचं असेल तर हाच क्रम ठेवा. शेवटची ओळ वगळू नका. डायऑक्सिनची तपासणी खर्चीक असते, त्यामुळे काही जण ती दर लॉटला न करता ठरावीक काळाने करतात. ते प्रामाणिकपणे सांगितलं तर मी त्यांच्यावर जास्त विश्वास ठेवते.

‘तेलाचा लॉट’ हे शब्द मुद्दाम आहेत. कॅप्सूलची बॅच आणि पिंपातल्या तेलाचा लॉट यांचे क्रमांक वेगळे असतात. नुसती बॅच सांगितली की कॅप्सूलचा रिपोर्ट येतो: सरासरी वजन, विरघळायला लागणारा वेळ, ईपीए-डीएचए, जंतू. सगळं ठीक, पण तुम्ही विचारलेलं त्यात काहीच नसतं.

बाटलीवर आयएफओएस या फिश ऑइल तपासणाऱ्या कार्यक्रमाची खूण असेल तर काम सोपं. कॅनडातल्या गेल्फ शहरातून चालणारा हा कार्यक्रम लॉटनुसार निकाल संकेतस्थळावर टाकतो. तिथे आपला लॉट शोधा. खूण बाटलीवर असणं आणि तुमचा लॉट यादीत असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. यादीत नसेल तर वरची ईमेल पाठवाच.

तपासा: दहा दिवस थांबा, एकदा आठवण करा. त्यानंतरही उत्तर नाही, हेसुद्धा एक उत्तर आहे.

## टप्पा ५: आलेला कागद वाचा

इथे वेळ घ्या. बहुतेक लोक कागद आला या आनंदात खालची सही बघून थांबतात.

५.१ आधी क्रमांक जुळवा. कागदावरचा लॉट आणि ईमेलमध्ये कळवलेला लॉट एकच आहे का? तपासणीची तारीख बाटलीवरच्या उत्पादन महिन्याच्या आधीची हवी, कारण तेल आधी तपासतात आणि मग भरतात. दोन वर्षांपूर्वीचा ‘नमुना रिपोर्ट’ आला असेल तर परत पाठवा.

५.२ योग्य रकाना बघा. कागदावर दोन रकाने असतात, ‘स्पेसिफिकेशन’ आणि ‘रिझल्ट’. पहिल्यात मर्यादा, दुसऱ्यात निकाल. लोक मर्यादेलाच निकाल समजतात. निकालाच्या रकान्यात आकड्याऐवजी ‘कम्प्लाइज’ असेल तर आकडा मागा. आणि ‘हेवी मेटल्स (शिशाच्या हिशेबात): १० पीपीएमपेक्षा कमी’ ही ओळ दिसली तर तिच्यावर फुली मारा. फिश ऑइलमध्ये शिशाची कोडेक्सने (आंतरराष्ट्रीय अन्नमानकं ठरवणाऱ्या संस्थेने) ठरवलेली मर्यादा ०.१ पीपीएम आहे. शंभरपट सैल चाळणीतून गाळून ‘खडे नाहीत’ म्हणण्याचा हा प्रकार.

५.३ एकक जुळवा. सगळ्यात जास्त घोटाळे इथे होतात. हे कागदावर लिहून ठेवा:

- १ मि.ग्रॅ./कि.ग्रॅ. = १ पीपीएम = १००० पीपीबी = १००० नॅनोग्रॅम/ग्रॅम
- १ नॅनोग्रॅम/ग्रॅम = १ पीपीबी = १००० पिकोग्रॅम/ग्रॅम

माझ्याकडे एकदा रिपोर्ट आला होता, डायऑक्सिन आणि पीसीबींची बेरीज ०.००५५. पाठवणाऱ्या काकू खूश, ‘शून्यच म्हणायचं ना गं?’ एकक होतं नॅनोग्रॅम/ग्रॅम. म्हणजे ५.५ पिकोग्रॅम/ग्रॅम. युरोपातली कायदेशीर मर्यादा ६. काठावर पास. आकड्याआधी कितीही शून्यं असली तरी एकक वाचेपर्यंत त्यांना काही अर्थ नाही.

५.४ मर्यादेशी ताडून बघा. मी युरोपीय संघाच्या मर्यादा वापरते. त्या स्पष्ट आहेत, आणि तेल शुद्ध करणारे मोठे कारखाने आपले रिपोर्ट त्यांच्याच हिशेबाने बनवतात. २०२३ सालच्या ९१५ क्रमांकाच्या नियमात माणसांसाठीच्या सागरी तेलाला या मर्यादा आहेत:

- डायऑक्सिन आणि फ्युरान: १.७५ पिकोग्रॅम/ग्रॅम
- डायऑक्सिन, फ्युरान आणि डायऑक्सिनसदृश पीसीबी मिळून: ६ पिकोग्रॅम/ग्रॅम
- सहा निर्देशक पीसीबी (२८, ५२, १०१, १३८, १५३, १८०) मिळून: २०० नॅनोग्रॅम/ग्रॅम, म्हणजे ०.२ मि.ग्रॅ./कि.ग्रॅ.

पूरक आहारात पाऱ्याची मर्यादा ०.१ मि.ग्रॅ./कि.ग्रॅ. आहे. ओमेगा-३ उत्पादकांच्या जीओईडी या संघटनेने स्वतःहून ठरवलेली पीसीबीची मर्यादा आणखी कडक आहे, ०.०९ मि.ग्रॅ./कि.ग्रॅ. पहिल्या दोन ओळींतले पिकोग्रॅम ‘टीईक्यू’मध्ये असतात. प्रत्येक रेणूचं विषारीपण वेगळं, म्हणून सर्वांत विषारी डायऑक्सिनच्या तुलनेत वजन देऊन बेरीज करतात. कागदावर टीईक्यू हा शब्द नसेल तर तो आकडा या मर्यादेशी ताडता येत नाही.

५.५ ‘बीडीएल’च्या खाली बघा. ‘पीसीबी: बीडीएल’. म्हणजे यंत्राच्या पकडीत आलं नाही. पण पकड किती बारीक होती? तळटीप शोधा. एलओक्यू म्हणजे ज्याच्या खाली यंत्र खात्रीने मोजू शकत नाही तो आकडा. एका रिपोर्टमध्ये तो पीसीबीसाठी ०.५ मि.ग्रॅ./कि.ग्रॅ. होता. मर्यादा ०.२, आणि मोजायची सुरुवातच ०.५ पासून! तेलात मर्यादेच्या दुप्पट पीसीबी असते तरी तिथे बीडीएलच छापून आलं असतं. सोन्याची अंगठी भंगारवाल्याच्या काट्यावर ठेवली आणि काटा हलला नाही म्हणून वजन शून्य लिहिलं, तशातला प्रकार. सही आणि शिक्का मात्र ठसठशीत होता.

नियम सोपा: एलओक्यू मर्यादेच्या बराच खाली असेल तरच बीडीएलला अर्थ आहे.

५.६ बेरीज कशी केली ते विचारा. टीईक्यूच्या बेरजेत २९ रेणू असतात: १७ डायऑक्सिन-फ्युरान आणि १२ पीसीबी. त्यातले जे सापडले नाहीत त्यांना शून्य धरलं तर ती ‘लोअर बाउंड’ बेरीज, आणि प्रत्येकाला त्याच्या एलओक्यूइतकं धरलं तर ‘अप्पर बाउंड’. युरोपीय मर्यादा अप्पर बाउंडवर लावतात. लोअर बाउंड आकडा शेजारी ठेवून ‘मर्यादेच्या दहाव्या हिश्श्यात’ असं कोणी दाखवत असेल तर तो वकिली हिशेब आहे.

पद्धतीच्या रकान्यात डायऑक्सिनसाठी हाय-रिझोल्यूशन मास स्पेक्ट्रोमेट्री किंवा जीसी-एमएस-एमएस, आणि धातूंसाठी आयसीपी-एमएस असेल तर पुढे जा.

## टप्पा ६: आपल्या वजनाला हिशेब लावा

कायद्याची मर्यादा तेलाला असते, माणसाला नाही. माणसासाठी युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये आठवड्याची सहनमर्यादा ठरवली: शरीराच्या दर किलोमागे २ पिकोग्रॅम टीईक्यू. ती आधीच्यापेक्षा बरीच खाली आणली गेली.

गणित असं: रिपोर्टमधला आकडा × रोजचे तेलाचे ग्रॅम × ७, आणि ते वजन × २ शी ताडायचं.

६० किलोच्या माणसाला आठवड्याला १२० पिकोग्रॅम. रोज १ ग्रॅमची एक कॅप्सूल आणि तेल ०.५ पिकोग्रॅमचं असेल तर आठवड्याला साडेतीन. काहीच नाही. तेल कायद्याच्या काठावर, म्हणजे ६ पिकोग्रॅमचं असेल तर ४२, तिसऱ्या हिश्श्याहून जास्त. आता तेच काठावरचं तेल कॉड लिव्हरचं, आणि रोज एक ५ मि.ली. चमचा. ४.६ × ७ × ६ म्हणजे १९३. कायदेशीर तेल, पण माणसाची मर्यादा ओलांडली.

१५ किलोच्या मुलाला आठवड्याला ३० पिकोग्रॅम. चांगल्या, ०.५ पिकोग्रॅमच्या तेलाचा रोज एक चमचा दिला तरी १६ होतात, अर्ध्याहून जास्त. आणि मूल तूप, दूध, अंडी, मासेही खातं, त्यांतूनही थोडं येतंच. ‘मुलाला थंडीत दोन चमचे’ सांगणाऱ्या आजीचा आदर राखून चमचा मापाचा वापरा.

तपासा: घरात जितकी माणसं घेतात तितक्या वेळा हा हिशेब करा. एकच बाटली बाबांना चालेल, नातीला चालणार नाही, असं होऊ शकतं.

## मधेच: या चाचण्यांनी काही कळत नाही

कॅप्सूल फोडून वास घेणे. तेल खवट झालंय का ते कळतं, आणि ते जरूर बघा, पण पीसीबीला वास नसतो इतक्या कमी प्रमाणात. तेल फ्रीझरमध्ये ठेवून गोठतं का बघणे. त्यातून चरबीची जात कळते, प्रदूषण नाही. थर्माकोलच्या कपात तेल ओतणे, ज्याचे व्हिडिओ फिरत असतात: कप विरघळला तर तेल इथाइल एस्टर प्रकारचं, म्हणजे सांद्र करताना रूप बदललेलं आहे. त्याचा विषारीपणाशी संबंध नाही. उलट ते ऊर्ध्वपातन झालेलं तेल असण्याचीच शक्यता जास्त. यातलं काहीही पाठवून ‘बघ कसं भेसळीचं आहे’ असं मला लिहू नका.

## टप्पा ७: प्रयोगशाळा खरी आहे का

भारतातली प्रयोगशाळा असेल तर कागदावर एनएबीएलचं (प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाचं) चिन्ह आणि यूएलआरने सुरू होणारा रिपोर्ट क्रमांक शोधा. मग एनएबीएलच्या संकेतस्थळावर त्या प्रयोगशाळेची व्याप्ती उघडा. मान्यता प्रयोगशाळेला सरसकट नसते, एकेका तपासणीला असते. पाऱ्यासाठी मान्यता असलेल्या प्रयोगशाळेला डायऑक्सिनसाठी असेलच असं नाही. चिन्ह एकाचं आणि तपासणी दुसऱ्याची, हे अनुभवाने सांगते.

## टप्पा ८: ठरवा

ही रेघ माझी आहे, कायद्याची नाही. टीईक्यूची बेरीज १ पिकोग्रॅमच्या आत आणि पीसीबी ०.०९ मि.ग्रॅ.च्या आत असेल तर मी घेते. १ ते ३ असेल तर मोठ्या माणसाला कॅप्सूल ठीक, चमच्याने तेल नको, मुलांना आणि मूल होऊ देण्याच्या वयातल्या मुलींना नको. ही रसायनं शरीरात साठतात आणि पुढे गर्भाला आणि अंगावरच्या दुधातून बाळाला जातात, म्हणून त्यांच्यासाठी वेगळी रेघ. ३ च्या वर दुसरी बाटली शोधावी. बाजारात आहेत.

उत्तरच आलं नाही तर तीन वाटा. लॉटनुसार निकाल जाहीर करणारा ब्रँड घ्या. नाहीतर शेवाळापासूनचं डीएचए तेल घ्या: ते बंद टाक्यांत वाढवतात, समुद्राचा संबंध येत नाही, आणि शाकाहारी घरांत कॅप्सूलच्या वेष्टनासह चालतं का हे हिरव्या खुणेवरून कळतं. किंवा आठवड्यातून दोनदा तारली, बांगडा खा. कोकण आणि गोव्यातल्या वाचकांना हे मी सांगायची गरज नाही.

सावधान: ट्रायग्लिसराइड उतरवण्यासाठी डॉक्टरांनी ओमेगा-३ लिहून दिलं असेल तर या लेखावरून बंद करू नका. ते औषध म्हणून दिलेलं असतं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर नव्याने सुरूही करू नका. हिशेबाचा कागद घेऊन डॉक्टरांकडे जा.

लेबलवर लिहिलेलं आणि रिपोर्टमधलं जुळत नसेल तर फूड सेफ्टी कनेक्ट अॅपवर किंवा राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते. अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, २००६ च्या कलम ४० प्रमाणे ग्राहक स्वतः फी भरून अन्न विश्लेषकाकडून तपासणी करून घेऊ शकतो, आणि माल नियमाबाहेर निघाला तर फी परत मिळते. एक अट बहुतेकांना माहीत नसते: तपासणी करून घेणार आहोत हे विकत घेतानाच दुकानदाराला सांगावं लागतं. घरी आठवडाभर वापरलेली बाटली त्यात चालत नाही. आणि डायऑक्सिनची सोय तिथे आहे का ते आधी विचारून घ्या.

## टप्पा ९: नोंद ठेवा

बॅच बदलली की जुना रिपोर्ट बाद. त्याच ब्रँडची, त्याच दुकानातली पुढची बाटली म्हणजे दुसरं तेल, कदाचित दुसऱ्या समुद्रातलं. ईमेल जपून ठेवली असेल तर फक्त क्रमांक बदलून पुन्हा पाठवायची.

उघडलेली बाटली थंड, अंधाऱ्या जागी, झाकण घट्ट. मी बुडाला मार्करने उघडल्याची तारीख आणि तेलाचा लॉट लिहिते, आणि रिपोर्ट पटला असेल तर त्यापुढे बरोबरची खूण. सध्या आमच्या फ्रिजच्या दारात दोन बाटल्या आहेत. एकीवर खूण आहे. दुसरीवर गेले तीन आठवडे प्रश्नचिन्ह आहे, आणि तिचं सील अजून फोडलेलं नाही.